न घातलेला ड्रेस आणि न उतरणारी हुडी

एका वाचक आईचे पत्र:

"माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि मुलगा तेरा वर्षांचा. मुलीच्या वाढदिवसाला मी तीन दुकाने फिरून हौसेने एक ड्रेस आणला. तिने 'छान आहे' म्हटले, मला मिठी मारली आणि ड्रेस कपाटात टांगला. दोन महिने झाले, त्याचे लेबलसुद्धा निघालेले नाही. मुलगा उकाड्यातही एकच काळी हुडी घालतो. नवे काही आणले तर त्याकडे बघतही नाही. पुढच्या महिन्यात त्याचा चौदावा वाढदिवस आहे आणि त्याला एका ठरावीक कंपनीचेच बूट हवे आहेत, जे आम्हाला फार महाग वाटतात. काय आणावे, कसे आणावे, की सरळ पैसे देऊन मोकळे व्हावे? माझ्याच मुलांची आवड मला कळेनाशी झाली आहे, याचे सगळ्यांत जास्त वाईट वाटते."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मी पुन्हा वाचले आणि उत्तर तिथूनच सुरू करावेसे वाटले. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून निवडलेला ड्रेस दोन महिने तसाच टांगलेला दिसावा, याचे दुःख लहान नाही. मात्र तिने तुम्हाला मिठी मारली, याकडेही थोडे लक्ष द्या. तुमची माया तिच्यापर्यंत पोहोचली आहे. अडला आहे तो फक्त ड्रेस. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवता आल्या, तर पुढचे बरेच सोपे होते, कारण मग तिने ड्रेस घातला नाही याचा अर्थ तिने आईला नाकारले असा लागत नाही.

लहानपणी कपडा आईच्या हातून अंगावर येतो आणि मुलाला तो बोचत नसला की पुरे होतो. साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापासून कपड्याचे काम बदलते. आपण कोण आहोत आणि कोणाच्या गटातले आहोत, हे मूल तोंडाने सांगण्याआधी कपड्यांनी सांगू लागते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये या वयातील मनाचे वर्णन करताना 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली: किशोरवयीन मुलाला सतत वाटते की सगळे आपल्याकडेच बघत आहेत आणि आपली प्रत्येक चूक टिपत आहेत. ही भावना पुढेही पूर्ण जात नाही. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. आपला टी-शर्ट जवळजवळ निम्म्या लोकांच्या लक्षात आला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच टिपला होता. हे तुमच्या मुलीला सांगून तिची भीती जाणार नाही, पण तुम्हाला ठाऊक असलेले बरे. "कोण बघतंय तुझ्याकडे?" हा आपल्या दृष्टीने धीराचा प्रश्न तिला तिची अडचणच नाकारल्यासारखा ऐकू येतो, म्हणून तो टाळावा.

माझे मत स्पष्ट सांगते. किशोरवयीन मुलांची आवड ओळखून दाखवणे हे आईवडिलांचे कामच नाही, आणि त्या कामात आपण नापास झालो म्हणून खंत करण्याचेही कारण नाही. किती खर्च करायचा, वस्तू शरीराला अपायकारक तर नाही ना, आणि कोणत्या प्रसंगाला कोणता कपडा चालणार नाही, हे ठरवणे आपल्याकडे असावे. रंग, घाट, छाप, सैल की घट्ट, केसांचा बो हवा की टोपी, हे त्यांच्याकडे सोपवावे. घरातील बहुतेक वाद, माझ्या पाहण्यात, या वाटणीत कोणीतरी दुसऱ्याच्या भागात शिरल्यामुळे होतात: आई रंगावर बोलते आणि मूल पैशांवर.

आवड ओळखायची नसली तरी ती पाहता मात्र येते, आणि त्यासाठी कपाट उघडू नका. कपडे वाळत घालायची दोरी पाहा. कपाटात आपण दिलेले, नातेवाइकांनी दिलेले, एकदाच घातलेले असे सगळे असते. दोरीवर येते ते फक्त वापरलेले. तीन-चार आठवडे कोणाला काही न विचारता एवढेच बघा की कोणते कपडे पुन्हा पुन्हा धुवायला पडतात. त्यांचे कापड हातात घेऊन पाहा: मऊ आहे की ताठ, ताणले जाते की नाही. गळा किती खोल आहे, बाही कुठपर्यंत येते, खिसे आहेत का, आतले लेबल कापून टाकले आहे का, हे पाहा. लेबल कापलेले असेल तर मानेला टोचणारी प्रत्येक गोष्ट त्या मुलाला नकोशी आहे, हे तुम्हाला न बोलता कळते. असे चार-पाच कपडे शेजारी ठेवले की त्यांच्यात एक साम्य दिसू लागते आणि ते साम्य मुलाला स्वतःलाही शब्दांत सांगता आले नसते. तुमच्या मुलीच्या दोरीवरच्या कपड्यांशी तो ड्रेस ताडून पाहिलात, तर तो का अडला हे बहुधा तुमच्या तुम्हालाच कळेल.

तरीही तिला एकदा विचारा, मात्र "का घालत नाहीस?" असे विचारू नका, त्या प्रश्नाला मूल एक तर गप्प बसते किंवा खोटे कारण देते. "यात नेमके कुठे खटकते, म्हणजे पुढच्या वेळी माझ्या लक्षात राहील," असे विचारलेत तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. ते उत्तर बहुतेक वेळा अगदी साधे असते. काखेत कापड ओढले जाते, बसल्यावर घेर वर सरकतो, आतले वस्त्र बाहेरून दिसते, कापड पारदर्शक आहे आणि अस्तर नाही, किंवा पाळीच्या दिवसांत हा रंग घालायची धास्ती वाटते. यातील कोणतीही गोष्ट आवडीची नाही, सगळ्या शिवणीच्या आणि मापाच्या आहेत, आणि त्यांतील निम्म्या तरी शिंप्याकडे सुटतात. सोळाव्या वर्षी तुमच्या मुलीच्या मापात फार मोठे बदल होण्याचा काळ बहुधा संपत आला आहे, कारण मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, आणि मासिक पाळी सुरू झाल्यावर ती वाढ मंदावत जाते. म्हणून तिच्या कपड्यांवर थोडा अधिक खर्च करून ते नीट मापाचे घेणे शहाणपणाचे ठरेल.

मुलाचे गणित नेमके उलटे आहे. मुलांची वाढ सर्वाधिक वेगाने होते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि त्या एका वर्षात उंची नऊ-दहा सेंटीमीटरने वाढू शकते. शरीर सगळीकडे एकदम वाढत नाही. आधी पाऊल आणि हात, मग पाय आणि बाहू, आणि सगळ्यांत शेवटी धड भरते. म्हणूनच या वयातील मुलाचे बूट आधी आखूड होतात, पाठोपाठ पँट घोट्याच्या वर जाते, बाही मनगटावर चढते, पण शर्टाचा खांदा आणि छाती बराच काळ पुरते. हा क्रम लक्षात ठेवला तर खरेदीची आखणी त्यावर बसवता येते. एका वेळी बुटांचा एकच चांगला जोड घ्यावा आणि दुसरा 'पुढे लागेल' म्हणून घेऊन ठेवू नये. पँटच्या दुमडीत भरपूर माया आहे का, हे आतून उलटून पाहावे, म्हणजे दोन वेळा उंची वाढवता येईल. टी-शर्ट मात्र एक माप मोठा घेतला तरी या वयात खपून जातो, कारण सैल कपडा त्यांना हवाच असतो.

'वाढत्या अंगाचे' घेण्याची आपली जुनी सवय बुटांना लागू करू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या मुलाला मी दोन मापे मोठे बूट घेतले होते. वर्षभर पुरतील हा हिशेब होता. टाच आत सरकत राहिली, फोड आले, आणि त्याने दोन महिने ते मला सांगितले नाही, कारण बूट महाग होते आणि मला वाईट वाटेल असे त्याला वाटले. ती गोष्ट आजही माझ्या मनाला लागते. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते; दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच अगदी सारखे असतात, आणि मोठ्या पायाचे माप धरावे; जे मोजे नेहमी घालतो तेच घालून बूट पाहावेत. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटीमीटर जागा असावी आणि चालताना टाच उचलली जाऊ नये. पहिल्याच दिवशी चावणारा बूट पुढे सैल होईल, या भरवशावर घेऊ नये.

आता हुडी. या विषयावर मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण एकच कपडा कायम अंगावर ठेवणारे मूल बहुधा त्या कपड्याकडून काहीतरी मदत घेत असते. कधी ते केवळ मऊ, जुने, धुऊन धुऊन अंगाला सवयीचे झालेले कापड असते. कधी शरीर झाकण्याची गरज असते. तेरा-चौदाच्या सुमारास पुष्कळ मुलग्यांच्या छातीत संप्रेरकांच्या चढउतारामुळे तात्पुरती गाठ किंवा फुगवटा येतो. तो बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातो, पण त्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते आणि आपल्यातच काही बिघाड आहे अशा भीतीने तो सैल, गडद कपड्यांत दडून राहतो. घामाचा वास, पाठीवरचे मुरूम, अचानक लांब झालेले हात, यांपैकी काहीही कारण असू शकते. तुम्ही किंवा त्याचे वडील, ज्यांच्याशी त्याला मोकळे वाटते त्यांनी, नजर रोखून नव्हे तर बरोबर काही काम करताना, "या वयात असे होते आणि ते निघून जाते" एवढे सहज सांगून ठेवावे. गाठ दुखत असेल, वाढतच असेल किंवा फार दिवस राहिली असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक शक्यता लिहिताना मला संकोच होतो, पण ती न सांगणे योग्य नाही. मूल उकाड्यातही, घरातही, हात धुतानाही बाही कधीच वर करत नसेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, मित्र, अभ्यास यांतही बदल दिसत असेल, तर ते स्वतःला इजा करत आहे का, हे शांतपणे विचारायला हवे. असे विचारल्याने तसा विचार मनात भरवला जात नाही. हो असे उत्तर आले तर ओरडू नका, शपथा घालू नका, थेट डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्या. तुमच्या पत्रात तसे काही सूचित होत नाही आणि बहुतेक हुडींच्या मागे असे काही नसते. तरी खात्री करून घ्या आणि मगच निश्चिंत व्हा.

कारण साधे असेल, तर हुडी काढायला लावण्यापेक्षा हुडीच बदलून द्या. त्याच घाटाची, त्याच रंगाची, पण पातळ सुती कापडाची आणि आतून लव नसलेली दुसरी मिळाली, तर तो उन्हाळ्यात निदान तिच्यावर येईल. पॉलिएस्टर लवकर वाळते, म्हणून खेळाला सोयीचे. पण त्यात घामाचा वास धुऊनही रेंगाळतो, हे लक्षात ठेवा. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, त्यामुळे अगदी नेमके बसणारे माप घेऊ नका. नवा कपडा आधी धुऊन मगच घालायला द्यावा, विशेषतः सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाचा, कारण त्या प्रक्रियेत बहुधा फॉर्माल्डिहाइड देणारी रसायने वापरतात आणि नाजूक त्वचेला ती खाजवतात.

मुलीच्या आतल्या वस्त्रांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे लिहिते, कारण वरचा कपडा नीट न बसण्याचे मूळ अनेकदा तिथेच असते. छातीखालचा घेर आणि छातीचा सर्वांत भरलेला घेर ही दोन्ही मापे तिने स्वतः, बंद खोलीत, टेपने घ्यावीत आणि वर्षातून एक-दोनदा पुन्हा घ्यावीत. खेळणाऱ्या मुलीला खेळासाठीची वेगळी ब्रा लागते, ती चैन नाही. ही खरेदी भावाच्या, वडिलांच्या किंवा पाहुण्यांच्या देखत काढू नये आणि मापाचा उल्लेख कोणापुढे करू नये. या एका बाबतीत जपलेली गुप्तता तिला पुढे इतर गोष्टी तुम्हाला सांगायचे धैर्य देते.

तोकडा किंवा फाटका कपडा यावरून घरोघरी जो वाद होतो, त्यात शरीरावर बोलणे कटाक्षाने टाळावे. "हे तुला शोभत नाही", "यात तू जाड दिसतेस", "लोक काय म्हणतील" ही वाक्ये मुले वर्षानुवर्षे विसरत नाहीत. बोलायचे असेल तर प्रसंगावर बोला: या कार्यक्रमात दोन तास खाली बसायचे आहे, तिथे आजी असतील, सायकलवरून जायचे आहे. कारण प्रसंगाचे असले तर ते उद्या बदलते आणि मूल ते मान्य करू शकते. कारण तिच्या शरीराचे असले तर ते तिला रोज अंगावर वागवावे लागते.

बुटांच्या मागणीकडे वळते. एखाद्या कंपनीचे नाव हवे असणे हे या वयात सर्वांत तीव्र असते. चॅप्लिन आणि जॉन या दोन संशोधकांनी २००७ मध्ये आठ ते अठरा वयोगटातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वस्तूंची ओढ आठ-नऊ वर्षांपासून बारा-तेरा वर्षांपर्यंत वाढलेली आणि सोळा-अठराव्या वर्षी पुन्हा उतरलेली आढळली. त्यांना असेही दिसले की मुलाला स्वतःबद्दल चांगले वाटू लागले की ही ओढ कमी होते. म्हणजे तुमचा मुलगा बिघडलेला नाही. तो या चढाच्या अगदी माथ्यावर आहे. त्याला व्याख्यान देऊ नका आणि पूर्ण शरणही जाऊ नका. साध्या, चांगल्या बुटांना जेवढे पैसे लागतात तेवढे आम्ही देणार, असे त्याला आकड्यासह सांगा. वरची रक्कम त्याने साठवलेल्या पैशांतून घालावी, किंवा आजी-आजोबा, मामा, आत्या जे वेगवेगळ्या भेटी देणार असतील त्यांनी त्याच्या संमतीने त्या एकत्र करून द्याव्यात, किंवा त्याने त्याच कंपनीचे मागच्या हंगामातील कमी किमतीचे बूट शोधावेत. त्याचे पाऊल वर्षभरात वाढणार आहे, हेही त्याला सरळ सांगा आणि तरीही पैसे घालायचे का, हा निर्णय त्याला करू द्या. स्वतःचे पैसे घालायची वेळ आली की काही मुले मागणी सोडून देतात आणि काही मुले सहा महिने पैसे साठवतात. दोन्ही उत्तरे चांगली आहेत. फक्त हुबेहूब दिसणारी नकली जोडी आणून त्याला चकित करू नका. मित्रांच्या डोळ्यांना ती आधी दिसते आणि मग त्याला ती घालताही येत नाही, टाकताही येत नाही.

दागिने, चष्मे, पिशव्या यांत आवड पूर्णपणे त्यांची असू द्या. तुम्ही फक्त शरीराकडे लक्ष ठेवा. स्वस्त कानातल्यांत आणि पट्ट्यांच्या बकलांत निकेल असते आणि निकेलची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. कान टोचणे हे तिचे एक नेहमीचे कारण आहे. युरोपीय संघात त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा नियम आहे, आणि टोचलेल्या जागी घालायच्या दांडीसाठी ती मर्यादा ०.२ आहे, यावरून त्याचे गांभीर्य कळावे. नुकतेच टोचलेल्या कानांसाठी शरीरात बसवण्याच्या प्रतीचे टायटॅनियम सुरक्षित समजतात. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकते. बेंबीखाली सतत खाजणारा लाल चट्टा दिसला तर जीन्सच्या धातूच्या बटणाकडे पाहा आणि आतून कापडाचा तुकडा शिवून टाका. उन्हाच्या चष्म्यावर 'यूव्ही ४००' असा उल्लेख हवा. काच नुसतीच काळी असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल तर अंधारामुळे बाहुली मोठी होऊन डोळ्यांत ते किरण अधिकच जातात. पाठीवरच्या पिशवीचे वजन भरल्यावर मुलाच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे जाऊ नये, म्हणून पिशवी मुळातच हलकी आणि रुंद पट्ट्यांची असावी.

हेडफोन ही आज मुलांच्या यादीतील बहुधा पहिली वस्तू असते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्यासाठी एक मानक जाहीर केले. त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास अशी मर्यादा दिली आहे. आवाजाची कमाल पातळी बांधून ठेवता येते असे, आणि बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन घेतले तर मूल आपोआप कमी आवाजात ऐकते. रस्त्यावर चालताना मात्र ते कानात नसावेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पैसे देऊन मोकळे व्हावे का. मोकळे होण्यासाठी देऊ नका. विचारून दिलेली भेट कमी मायेची असते असा आपल्या मनात एक समज असतो. जिनो आणि फ्लिन यांच्या २०११ मधील अभ्यासात मात्र घेणाऱ्यांना आपण मागितलेलीच वस्तू मिळाल्याचे अधिक अप्रूप वाटले, आणि न मागता आणलेली वस्तूही तितकीच आवडेल असे देणाऱ्यांना चुकून वाटत होते. म्हणून वाढदिवसाच्या महिनाभर आधी प्रत्येक मुलाकडून पाच-सहा गोष्टींची यादी मागा, त्यात काही लहान आणि काही मोठ्या असाव्यात. यादीतील नेमके काय येणार हे तुम्ही गुप्त ठेवा. त्यामुळे नवलाई टिकते आणि चूकही होत नाही. यादीत नसलेली एखादी छोटी गोष्ट सोबत जरूर ठेवा, पण ती तुमच्या पाहण्यातून आलेली असू द्या. तो चित्रे काढत असेल आणि त्याचा एकच पेन झिजलेला दिसत असेल, तर तसाच पेन द्या. तिने तीन वेळा तुमची शाल नेली असेल, तर तशी शाल तिची स्वतःची असू द्या. कपडा भेट म्हणून द्यायचाच असेल तर पावती सोबत ठेवा आणि बदलून आणण्याची मुदत तिला त्याच दिवशी सांगा.

रोख पैसे द्यायचे असतील तर त्यांना एक दिशा द्यावी: "हे तुझ्या कपड्यांचे सहा महिन्यांचे पैसे, यात बूट आणि आतले कपडे धरलेले आहेत." सोळाव्या वर्षी तुमच्या मुलीला हे नक्की झेपेल. पहिल्यांदा ती सगळे पैसे एका जाकिटावर घालवील आणि मोज्यांना उरणार नाहीत, असे होऊ शकते. तेव्हा मोजे घेऊन द्या, पण जाकिटाबद्दल बोलू नका. मुलाला एवढी मोठी रक्कम एकदम नको. त्याला एक-दोन कपड्यांपुरती द्या. दोन्ही मुलांना रकमेने समान वागवण्याचा अट्टाहासही नको, कारण तेराव्या वर्षी बूट वर्षात दोनदा लागतात आणि सोळाव्या वर्षी लागत नाहीत. कारण सांगितले की मुलांना हे समजते.

एक विनंती आहे. त्यांनी निवडलेला कपडा त्यांनी घातला की लगेच त्यावर काही बोलू नका, कौतुकसुद्धा फार नको. "शेवटी काहीतरी नीट घातलेस" हे आपल्याला कौतुक वाटते, पण त्यात आधीचे सगळे नापसंत होते हेच त्यांना ऐकू येते. नजरेला नजर मिळाल्यावर नुसते हसलात तरी चालेल.

या आठवड्यात करायचे ते असे. तो ड्रेस अजून बदलून मिळतो का, हे दुकानात विचारा. मिळत असेल तर पावती मुलीच्या हातात द्या आणि तिला मैत्रिणीबरोबर जाऊ द्या. मिळत नसेल तर तिला ड्रेस घालून आरशापुढे उभे राहायला सांगा, खटकणाऱ्या जागी तिनेच टाचण्या लावाव्यात आणि तसाच तो शिंप्याकडे न्यावा. तरीही तिला नको असेल, तर तो एखाद्या मावसबहिणीला देण्याची तिला मोकळीक द्या आणि तो विषय पुन्हा काढू नका. मुलाबरोबर एखाद्या संध्याकाळी, त्याचे नेहमीचे मोजे घालून, फक्त पाय मोजायला आणि बूट पायात घालून पाहायला जा. त्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. परत येताना तो बुटांबद्दल, मित्रांबद्दल, आणखी कशाबद्दल जे बोलेल, ते ऐकायला तुमच्याकडे वेळ असू द्या.